उभ्या माणसावरची खूण

प्रिय ताई,

तुझा निरोप मिळाला. "मान की चेहरा, ते तू सांग. डॉक्टरसाहेबांना विचारायचं नाही, ते मला गिऱ्हाईक समजतील." एवढ्याशा निरोपात टोमणा घालायची तुझी हातोटी अजून गेलेली नाही. तो वाचला तेव्हा माझ्यासमोर एक बाई बसल्या होत्या. मला हसू आलं आणि मी ते गिळलं. का गिळलं, ते पुढे सांगते. हे सगळं फोनवर बोलता आलं असतं, असं तू म्हणशील. पण आमच्याकडचा फोन म्हणजे काय, ते तू एकदा येऊन पाहिलंयस. खाली दवाखाना, वर घर, आणि मधला जिना असा की खाली चमचा पडला तरी वर कळतं. डॉक्टर कान देऊन ऐकतात असं नाही गं, त्यांना ऐकू येतं. मग जेवताना विचारतात, "ताई काय म्हणत होत्या?" आणि इतक्या आपुलकीनं विचारतात की सांगावंच लागतं. म्हणून पत्र. आमची मोठी नर्स घरी जाताना पेटीत टाकेल. नवऱ्याला मी घरातही डॉक्टरच म्हणते, हे तुला नेहमी खटकतं. आधी थट्टेत म्हणायचे, मग दवाखान्यात लोकांसमोर म्हणावं लागायचं, आणि पुढे कधीतरी जिना चढून वर आल्यावरही तेच तोंडात राहिलं. 'तू' कुठल्या पायरीवर सांडलं, ते आठवत नाही.

तर आपल्या शिवणाच्या दुकानातल्या ट्रायल रूममध्ये तू तो तीन बाजूंचा आरसा बसवलास आणि स्वतःच त्यात सापडलीस. समोरून आपण आपल्याला ओळखतो, बाजूनं कधी बघतो? तू लिहिलंयस, "पहिल्यांदा वाटलं आई आत येऊन उभी राहिलीये." ते वाचून मी माझा गळा चाचपून पाहिला. आपल्या दोघींची मान आईचीच. चाळिशीनंतर हनुवटीखाली त्या दोन उभ्या दोऱ्या, आणि त्यांच्या मधे पडदा लोंबावा तशी कातडी. आई मशीनवर वाकून टीप मारायची तेव्हा त्या दोऱ्या ताणल्या जायच्या, आणि लहान असताना तू मला सांगायचीस की दोरा संपला की आई गळ्यातला काढून सुईत ओवते. मी बराच काळ त्यावर विश्वास ठेवला होता. भावोजी म्हणाले, "मान वर केलीस तरी घरात ऐकणार कोण?" त्यांना सांग, ही शस्त्रक्रिया पुरुषांवरही होते. पण विड्या ओढणाऱ्यांची जखम लवकर भरत नाही, म्हणून त्यांची मान कोणी हातात धरणार नाही.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. दिवसभर मी हेच समजावत असते. माझ्या खोलीच्या दारावर 'सल्लागार' अशी पाटी आहे. येणाऱ्या बायकांना मी जे सांगते ते तुला तुझ्या भाषेत सांगते, कारण तुझ्याइतकं चांगलं ते कोणालाच कळणार नाही. मान उचलणं म्हणजे फक्त कॉलरचं काम. जबड्याच्या रेषेच्या खाली जे आहे, तेवढंच. हनुवटीखाली एक लहान चीर, आणि कानामागून केसांत जाणारी एक, दोन्ही बाजूंना. मानेत कातडीखाली एक पातळ, पसरट स्नायू असतो, अस्तरासारखा. वय झालं की तो मधोमध उसवतो आणि त्याच्या कडा दोऱ्यांसारख्या पुढे येतात. आपल्या त्या दोऱ्या म्हणजे दुसरं काही नाही, उसवलेलं अस्तर. सर्जन त्या कडा पुन्हा मधे जोडतो, चरबी असेल तर काढतो, वरच्या कापडाचा झोळ मागे घेऊन जास्तीचं कापतो आणि शिवण कानामागे लपवतो. चेहरा उचलणं म्हणजे अख्खं जाकीट उघडणं. शिवण कानशिलाच्या केसांत सुरू होते, कानाच्या पुढून उतरते, पाळीखालून वळसा घालून मागे जाते. गाल घसरून जबड्यावर जे लोंबतं, तोंडाच्या कडेनं खाली ज्या घड्या जातात, ते सगळं त्यात येतं. नुसती कातडी ओढत नाहीत. आतलं अस्तर उचलून बांधतात, नाहीतर माणूस जन्मभर वाऱ्यात उभा असल्यासारखा दिसतो. चेहरा उचलताना बहुतेक वेळा मानही सोबत नीट करतात. उलटं मात्र होत नाही. मान ओढून गाल वर येत नाहीत. आणि डोळ्यांखालच्या पिशव्या, कपाळावरच्या आठ्या, कातडीवरचे डाग, यांतलं काहीच दोन्हींत जात नाही. काही बायका विचारतात, मग आम्ही एवढं सोसायचं ते कशासाठी? मी म्हणते, कोट शिवून घेतला म्हणून कापड नवं होत नाही.

घरच्या घरी कळण्याची एक युक्ती आहे. हातातला आरसा घे आणि पलंगावर उताणी झोपून तो वर धर. जो चेहरा दिसेल, साधारण तेवढं वचन चेहऱ्याच्या शस्त्रक्रियेचं. मग उठून बस, आरसा समोर धर, आणि दोन्ही हातांची बोटं जबड्याखाली, कानांच्या मागे ठेवून मानेची कातडी हलकेच मागे घे. एवढ्यानं तुझं समाधान झालं, तर तुझं दुखणं मानेचं. बोटं आपोआप गालांवर सरकायला लागली, तर चेहऱ्याचं. मला विचारशील तर तुझी बोटं मानेवरच राहतील. तुझा जबडा अजून आईसारखा खणखणीत आहे, बोलण्यातही आणि दिसण्यातही. नंतरचं सोसणं दोन्हीकडे आहे, चेहऱ्याला जास्त. हनुवटीखालून डोक्यावर पट्टा, कधी एक-दोन दिवस निचऱ्याची बारीक नळी, जांभळी-पिवळी सूज, दोन आठवडे तरी लोकांत जायचं नाही, आणि कानाभोवतीचा बधिरपणा महिनोन्‌महिने. सगळ्यात धास्ती पहिल्या रात्रीची. आत रक्त साचायला लागलं तर एक बाजू फुगते, आणि ते तेव्हाच्या तेव्हा लक्षात यावं लागतं. म्हणून आमच्याकडे एक नियम आहे. घरचं माणूस रात्रभर सोबत राहणार असेल तरच पेशंटला टेबलावर घेतात. मोठी नर्स आतल्या दारात उभी राहून विचारते, "सोबत कोण राहणार? मोठ्यानं सांगा." लग्नात विचारावं तसं विचारते. एकदा एका बाईंचा मुलगा पुटपुटला, तर तिनं त्याला पुन्हा म्हणायला लावलं. ती या कामात डॉक्टरांच्या आधीपासून आहे, आणि हा नियम तिचा आहे.

मी तुला घाबरवायला लिहीत नाहीये. आमच्याकडे एक ग्रंथपाल बाई आल्या होत्या, पुस्तकं उचलून उचलून खांदे रुंद झालेल्या. बारा महिने गळ्याभोवती रुमाल. म्हणाल्या, मला तरुण दिसायचं नाही, मला फक्त उन्हाळ्यात रुमाल काढायचाय. त्यांनी मान केली. सूज उतरल्यावर एक दिवस त्या नुसत्याच दवाखान्यात आल्या, रुमाल हातात घडी करून, आणि माझ्या टेबलावर ठेवून गेल्या. तो अजून माझ्या खणात आहे. काम चांगलं झालं की किती चांगलं होतं, हे मी रोज बघते. डॉक्टरांचा हात चांगला आहे. हे मी बायको म्हणून नाही सांगत, शिंपिणीची मुलगी म्हणून सांगते.

तुला आठवतं, त्या बँकेतल्या साहेबांच्या बायकोचा तपकिरी स्कर्ट? पाय दुखतात म्हणून त्या खुर्चीतून उठेनात, आणि तू त्यांना बसल्या बसल्याच खालच्या दुमडीच्या खुणा केल्यास. स्कर्ट घालून त्या उभ्या राहिल्या तर एक बाजू गुडघ्यावर, दुसरी पोटरीवर. आईनं अख्खा घेर उसवला, तुला समोर उभं केलं, तुझ्या हातात खडू दिला आणि म्हणाली, "खूण उभ्या माणसावर करायची. बसला की खोटा, झोपला की त्याहून खोटा." त्यानंतर कित्येक दिवस मी तुला जेवायला वाढताना म्हणायचे, "उभी राहा, मग वाढते." तू मला वाटी फेकून मारली होतीस. गंमत बघ, सर्जनचाही हाच नियम आहे. माणूस आडवा झाला की गाल कानांकडे ओघळतात, मानेचा झोळ नाहीसा होतो, सगळं कापड दुसरीकडेच जातं. म्हणून गुंगी द्यायच्या आधी पेशंटला खुर्चीत ताठ बसवतात, चेहऱ्यापुरतं तेच उभं राहणं, आणि डॉक्टर जांभळ्या पेनानं खुणा करतात. कुठे कापायचं, किती घ्यायचं, आणि जबड्याच्या कडेनं एक तुटक रेघ, जिच्या आसपास फार जपून जायचं, कारण खालच्या ओठाला हलवणारी बारीकशी नस तिथून जाते. लग्न झाल्यावर पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा मला वाटलं, मी चुकीच्या घरात आलेली नाही. इथेही खडू आहे. फरक एवढाच की तुझ्याकडे कच्चा टाका असतो. घालून बघा, पटलं नाही तर उसवू. कातडीला कच्चा टाका नसतो.

माझा चेहरा त्यांनी उचलला, त्याला आता सहा वर्षं होतील. तुला मी तेव्हा सांगितलं होतं की मलाच हवं होतं. ते तितकंसं खोटं नाही. नवा दवाखाना उघडायचा होता. डॉक्टर म्हणाले, "लोक विचारतात, तुमच्या घरात कोणी केलंय का? स्वयंपाकी स्वतःच्या हातचं जेवत नसेल तर पाहुणा ताटावर कसा बसेल?" मी हसले. मी तेव्हा सगळ्यालाच हसायचे. खरं तर माझ्या चेहऱ्यावर उचलण्यासारखं फार काही नव्हतं. पण त्यांनी माझी हनुवटी दोन बोटांनी धरून उजेडाकडे वळवली आणि इतक्या मायेनं बघितलं, की मला वाटलं, नवरा असं किती जणींकडे बघतो? आम्हाला मूल नाही. त्यांच्या हातांना घरात दुसरं काही घडवायला नव्हतं. मी हो म्हणाले. सकाळी खुर्चीत बसवून खुणा झाल्या. मग मला आडवं केलं, औषधानं चेहरा पुसला, आणि डाव्या बाजूची शाई फिसकटली. मला गुंगी चढत होती, पण कान जागे होते. मोठी नर्स म्हणाली, "डॉक्टर, पुन्हा बसवू का?" आणि ते म्हणाले, "नको, राहू दे. मला तिचा चेहरा पाठ आहे." डाव्या जबड्यावरून पेनाचं ते गार टोक फिरलेलं मला आठवतं. ते शब्द ऐकून गुंगीतही मला किती बरं वाटलं होतं, ते तुला सांगायला लाज वाटते.

तेवढ्यामुळेच झालं असं मी म्हणत नाही. ते कोणालाच सिद्ध करता येणार नाही, आणि सगळं नीट करूनही असं होऊ शकतं. पण सूज उतरली, पट्टा निघाला, आणि पहिल्यांदा मी कशालातरी खळखळून हसले तेव्हा डॉक्टरांचा चेहरा मी समोर बघितला. मग आरशात माझा बघितला. माझा खालचा ओठ उजवीकडे खाली जातो आणि डावीकडे जागचा हलत नाही. तोंड मिटलेलं असताना काही कळत नाही. सरळ, सारखं, सुंदर. हसायला गेले की तोंड वाकडं होतं, कोणीतरी एका बाजूनं टाचणी मारून ठेवल्यासारखं. डॉक्टर म्हणाले, नस सुजलीये, तीन महिन्यांत येईल. मग म्हणाले, कधी वर्षही लागतं. मग त्यावर बोलणं थांबलं. कोणी थांबवलं नाही, घरातला एखादा दिवा गेला की आपण त्या खोलीत जायचं सोडतो, तसं. बहुतेकांची ती नस परत येते, ताई, हे खरं आहे. शंभरात एखादीची येत नाही, असं मी समोरच्या बायकांना रोज सांगते. ती शंभरातली एखादी त्यांच्यासमोरच बसलेली असते, ओठ मिटून.

आता कळलं, तुझा निरोप वाचताना मी हसू का गिळलं ते? मी इथली नमुन्याची बाई आहे. बाहेरच्या खोलीत भिंतीवर माझा फोटो आहे, शांत, ओठ मिटलेला. आणि मी त्या फोटोसारखीच राहायला हवी. आमच्या घराला वेगळं दार नाही, जिना थेट त्या खोलीत उतरतो. भाजी आणायला निघाले तरी दहा बायका मान वर करून बघतात, आधी भिंतीकडे, मग माझ्याकडे, मग पुन्हा भिंतीकडे, कापडाचा रंग ताडून बघावा तसं. मी हळूहळू जाणंच कमी केलं. वर खिडक्या आहेत, पण धूळ खाली जाते म्हणून त्या पक्क्या बंद केलेल्या आहेत. रस्ता दिसतो, लोक बोलताना दिसतात, ऐकू काही येत नाही. परवा समोरच्या फुटपाथवर दोन मुली कशालातरी इतक्या हसल्या की एकीला खाली बसावं लागलं. मी काचेला कपाळ लावून उभी होते. मला वाटलं, आपल्या दोघींना आई दुकानातून बाहेर काढायची ती अशीच. गिऱ्हाइकाचं माप घेताना आपण एकमेकींकडे बघायचं नाही, असा तिनं नियम केला होता. पोटाचा आकडा तू मोठ्यानं सांगायचीस आणि मी टेबलाखाली जायचे. तूच मला खिदळी म्हणायला लागलीस. इथे त्या नावानं मला कोणी ओळखणार नाही.

आईच्या त्या मोत्याच्या कुड्यांबद्दल तू गेल्या वेळी विचारलंस आणि मी विषय बदलला. एक हरवली. कानाची पाळी अजून बधिर आहे. सकाळी घातली होती, संध्याकाळी हात गेला तर कान मोकळा. कधी पडली, कुठे पडली, मला कळलंच नाही. सगळा दवाखाना झाडून घेतला. डॉक्टर स्वतः गुडघ्यांवर बसून कपाटाखाली बॅटरी मारत होते. म्हणाले, "तशीच नवी करून आणू." त्यांना खरंच वाईट वाटलं होतं. तेच तर अवघड आहे, ताई. कोणी हात उगारला असता, निदान आवाज चढवला असता, तर मी केव्हाच तुझ्या दारात येऊन उभी राहिले असते. पण चहा पिताना माझ्या खांद्यावर शाल टाकणाऱ्या माणसापासून कुठे पळायचं, आणि लोकांना कारण काय सांगायचं?

आता मानेचं. तुझ्या नाही, माझ्या. दोऱ्या परत आल्यात. हे काम जन्माचं नसतं. घड्याळ मागे फिरवतात, बंद नाही करत. पुढच्या महिन्यात डॉक्टरांनी मोठा कार्यक्रम ठेवलाय. बाहेरून डॉक्टर येणार आहेत, चौकशी करणाऱ्या बायका येणार आहेत, आणि मला समोर उजेडात बसवून दाखवायचंय, की आधी चेहरा-मान आणि काही वर्षांनी पुन्हा नुसती मान, अशी दोन टप्प्यांत केली तर कशी दिसते. काही दिवसांपूर्वी सकाळच्या चहाला त्यांनी माझी हनुवटी पुन्हा दोन बोटांनी उचलली. म्हणाले, "फक्त मान. चेहऱ्याला हातही लावणार नाही. तू तर रोज सांगतेस लोकांना, किती सोपं आहे ते." मला नाही म्हणायचं होतं. ते जिभेवर आलेलं होतं. हनुवटी धरलेली असताना तोंड उघडता येत नाही, असं मी नंतर स्वतःला सांगितलं, पण ते खरं नाही, त्यांची बोटं अगदी हलकी असतात. मी मान डोलावली. जिच्याबद्दल बोलणं चाललं होतं, तीच डोलावली. रक्ताच्या तपासण्या झाल्या, सूज उतरायला वेळ मिळावा म्हणून कार्यक्रमाच्या बराच आधीचा दिवस ठरला. रोज रात्री जेवताना मी वाक्य जुळवते आणि रोज ते म्हणतात, "आज थकलेली दिसतेस", आणि वाक्य ताटातच राहतं. माझ्या मानेत तुम्ही पुन्हा सुरी घालू नका, एवढंच ते वाक्य आहे. माझी उजवी बाजू अजून हसते. ती मला ठेवायची आहे.

तू विचारलंस म्हणून तुझ्यापुरतं सांगते. तुला हवं असेल तर मान कर, चेहऱ्याच्या वाटेला जाऊ नकोस. मी मोडता घालणार नाही. तुझी मान तुझी आहे, आईची असली तरी. पण आधी महिनाभर तो बाजूचा आरसा झाकून ठेव आणि बघ, तुला आईची आठवण येते का. आणि करशील तर इथे करू नकोस. कोणीतरी परका बघ, जो तुला शंभर प्रश्न विचारेल, दोनदा माप घेईल, शाई फिसकटली तर पुन्हा उठवून बसवेल. ज्याला तुझा चेहरा पाठ नाही, अशा माणसाकडे जा.

आता हे पत्र खरं कशासाठी लिहिलं ते. येत्या आठवड्यात डॉक्टरांचा तुला फोन येईल. गेल्या वेळी सोबत डॉक्टरच होते, पण आता शस्त्रक्रिया करणाऱ्यालाच सोबत धरता येणार नाही, असं मोठ्या नर्सनं त्यांना तोंडावर सांगितलंय, म्हणून ते तुला बोलावतील. "ताई, या ना सोबतीला, तिला बरं वाटेल." तू हो म्हण आणि ये. भावोजींनाही घेऊन ये, ते खाली गाडीत बसतील. सकाळी मला खुर्चीत बसवलेलं असेल आणि मानेवर जांभळ्या रेघा असतील. माझा चेहरा शांत दिसेल. गप्प असताना तो फार छान दिसतो, त्याला फसू नकोस. मला विचारू नकोस, "तुला हवंय ना?" मी मान डोलावीन. मला माझी खात्री नाही. मग मोठी नर्स दारात उभी राहील आणि विचारेल, सोबत कोण राहणार. तेव्हा तू दुकानात म्हणतेस त्या आवाजात म्हण, "कोणी नाही. मी हिला घरी न्यायला आलेय." सोबत नाही तर टेबल नाही. ती तिचा नियम मोडणार नाही, आणि तिच्यासमोर डॉक्टर आवाज चढवणार नाहीत. त्यांनी कधीच चढवलेला नाही. मग माझा हात धर आणि मला त्या बाहेरच्या खोलीतून ने, सगळ्या बायकांच्या समोरून, भिंतीवरच्या फोटोखालून. तिथे मला हसू फुटेल असं वाटतंय, वाकडंतिकडं. फुटू दे. उरलेली कुडी मी मुठीत घेतलेली असेल. आणि ऐन वेळी मीच जर म्हणाले, "राहू दे ताई, आता सगळी तयारी झालीये", तर माझं ऐकू नकोस. हे पत्र मी टेबलाशी बसून नाही, खिडकीपाशी उभी राहून लिहिलंय, हात भरून आला तरी. आईनं शिकवलेली खूण आहे ही, उभ्या माणसावरची. तिथे मी काय म्हणेन ते धरू नकोस, ही धर.

वाट बघते.

तुझीच, अजून अर्ध्या तोंडानं का होईना,
खिदळी